अर्धे तिकीट

पोलोग्राउंड हे नाव इंदुरात आजही दिवसातून हजारदा उच्चारले जाते. रिक्षावाल्याला ते सांगावे लागते, कारखान्यांच्या पाट्यांवर ते रंगवलेले असते, वीज कंपनीच्या कचेरीत खेटे घालणाऱ्यांना तर ते चांगलेच परिचयाचे झालेले असते. मात्र त्या नावाचे मैदान आता तेथे नाही. होळकरशाहीच्या काळातील त्या मैदानावर औद्योगिक वसाहत वसली. घोड्यांच्या टापांच्या जागी यंत्रांची घरघर आली. याबद्दल आमची तक्रार नाही. संस्थान गेले, शहर वाढले, माणसांच्या हातांना काम हवे होते आणि ते तेथे मिळाले. शिवाय पोलो हा ज्याच्या पागेत घोडे त्याचाच खेळ. तो गेल्याने सामान्य इंदूरकराच्या घरात कोणी उपाशी राहिले नाही.

आज या नावाची आठवण होण्याचे कारण निराळे आहे. याच वसाहतीत काम करणारा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. पगार ठरलेला, घरी पत्नी आणि दोन मुले. थोरला दहा वर्षांचा, धाकटी सात वर्षांची. शहरात मोठा सामना व्हायचा असतो. थोरला म्हणतो, “बाबा, आपण जाऊ या ना!” धाकटी म्हणते, “मी पण!” बाबा ‘बघू’ म्हणतात आणि रात्री मुले निजल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसतात. एका तिकिटाचे ५०० रुपये धरले तर चौघांचे २००० झाले. जाण्यायेण्याचा खर्च, आत गेल्यावर पाणी, मध्यंतरात मुलांच्या हाती काहीतरी द्यावे लागणार, ते वेगळेच. कागदाची घडी करून बाबा तो खिशात ठेवतात. मग तीनांपैकी एक गोष्ट घडते. बाबा मित्रांबरोबर एकटे जातात. किंवा थोरल्याला नेतात आणि धाकटी तिच्या आईबरोबर घरी राहते. किंवा सगळेच घरी बसून पडद्यावर सामना पाहतात. यांपैकी दुसरी गोष्ट आम्हांला सर्वांत अधिक बोचते. पैसे कमी पडले की प्रथम कोणाचे नाव खोडले जाते, हे आपल्या घरांतून कोणाला सांगावयास नको.

हा रात्रीचा हिशेब हाच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. खेळाच्या मैदानावर मुलांसह कुटुंबाला जाता येईल असे तिकीट असावे की नसावे, असावे तर ते कोणी आणि कसे ठरवावे, याचा विचार इंदूरने आता केला पाहिजे. क्रिकेटच्या बाबतीत तो करण्यास उशीर झालेला आहे. फुटबॉलच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही, म्हणून फुटबॉलला धरूनच तो करू.

अर्धे तिकीट ही कल्पना आपल्याकडे काही नवी नाही. आगगाडीला ती ठाऊक आहे, एस.टी.ला ठाऊक आहे, गावोगावच्या सर्कशींना ठाऊक होती. इंदूरकरांना तर तिच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटावा. आपल्या ख्रिश्चन कॉलेजात शिकून गेलेल्या खांडव्याच्या किशोरकुमारने १९६२ साली ‘हाफ टिकट’ नावाच्या चित्रपटात धमाल उडवून दिली होती. मुंबईच्या पुऱ्या तिकिटाला पैसे नाहीत म्हणून एक धटिंगण तरुण लहान मुलाचा वेष करून अर्ध्या तिकिटावर गाडीत बसतो, अशी ती कथा. प्रेक्षक पोट धरधरून हसले. त्या विनोदामागे एक साधी समजूत होती, ती अशी की मूल प्रवासाला निघाले तर त्याला अर्धा आकार घ्यावा हे न्यायाचे आहे. रेल्वे मुलाला अर्ध्या पैशांत नेते ते दया म्हणून नव्हे. पुरे तिकीट लावले तर घरातली चारही माणसे घरीच राहतील, हे तिला माहीत आहे म्हणून. आज मोठ्या मैदानांच्या फाटकांवर मात्र उलटा न्याय दिसतो. तेथे खुर्ची मोजतात. खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात की हवेत लोंबकळतात हे कोणी पाहत नाही.

कोणी म्हणेल, घरबसल्या पडद्यावर अधिक चांगले दिसते, मग मैदानावर जाण्याचा हट्ट कशाला? या प्रश्नाचे उत्तर फुटबॉलच्याच उदाहरणाने द्यावे. पडद्यावर छायाचित्रक चेंडूच्या मागे धावत असतो आणि म्हणून पाहणाराही चेंडूच पाहतो. मैदानावर बसलेल्या मुलाला प्रथमच असे दिसते की, बावीस खेळाडूंपैकी चेंडू एकाच्याच पायाशी असतो आणि उरलेले एकवीस जण त्या वेळी उभे नसतात. कोणी उजव्या कडेने मोकळ्या जागेत पळत असतो, कोणी प्रतिपक्षाच्या माणसाला हुलकावणी देऊन बाजूला नेत असतो, गोलरक्षक पुढे येऊन हातवारे करीत असतो. चेंडू नसताना काय करावे हे ज्याला समजले त्याला फुटबॉल समजला, आणि ते समजण्यासाठी पुरे मैदान एका नजरेत यावे लागते. ते गॅलरीतूनच येते. त्याशिवाय हजारो अनोळखी माणसांत बसणे, आपला गोल हुकला म्हणून सर्वांबरोबर हळहळणे, प्रतिपक्षाने चांगला खेळ केला तर टाळी वाजवणे, हरल्यावर शहाण्यासारखे घरी परतणे, ही नागरिकत्वाची शिकवण कोणत्या शाळेत मिळणार?

या शहराने एके काळी तिची फळे चाखली आहेत. मुश्ताक अली येथेच १९१४ साली जन्मले. कर्नल सी. के. नायडू होळकरांच्या आश्रयाने इंदुरास आले आणि त्यांची नजर या पोरावर गेली. १९३६ साली मँचेस्टर येथे मुश्ताक अलींनी झळकावलेले शतक हे परदेशात भारतीय फलंदाजाने केलेले पहिले कसोटी शतक होय. थोर खेळाडू आणि होतकरू मूल एकाच गावच्या मैदानावर आले, तेव्हा हे घडले. होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असे चार वेळा रणजी करंडक जिंकला, तो काळही असाच होता. फुटबॉलशीही त्या संघाचे एक मौजेचे नाते आहे. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेला डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद २४९ धावा करूनही हरलेल्या बाजूला राहिला. हाच कॉम्प्टन आर्सेनल संघाचा नावाजलेला फुटबॉलपटू होता. १९५० साली त्या संघाने एफ. ए. चषक जिंकला तेव्हा तो संघात होता. राजाश्रयाचा तो काळ परत येणार नाही आणि यावा असेही आम्ही म्हणत नाही. पण राजाचा आश्रय गेल्यावर खेळाला दुसरा आश्रय प्रेक्षकांचा. तो प्रेक्षक आज सात-दहा वर्षांचा आहे आणि फाटकाबाहेर उभा आहे.

आता फाटकाच्या आतली गोष्ट पाहू. २०१८ च्या ऑक्टोबरात इंदुरास जे घडले ते पुष्कळांच्या लक्षात असेल. भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यातील दुसरा एकदिवसीय सामना २४ ऑक्टोबर रोजी आपल्या होळकर स्टेडियमवर व्हावयाचा होता. क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेनुसार ९० टक्के तिकिटे जनतेला विकावयाची आणि १० टक्केच पास म्हणून वाटावयाचे असे ठरले होते. त्या दहा टक्क्यांतील मानाच्या जागा मंडळाला किती आणि यजमान मध्य प्रदेश संघटनेला किती, यावरून दोघांत वाद झाला. वाद मिटला नाही आणि सामना उचलून विशाखापट्टणमला नेण्यात आला. तेथे त्याच दिवशी विराट कोहलीने नाबाद १५७ धावा केल्या, एकदिवसीय सामन्यांतील दहा हजार धावांचा टप्पा पूर्वी कोणी ओलांडला नव्हता इतक्या लवकर ओलांडला, आणि दोन्ही संघांच्या ३२१ धावा होऊन सामना बरोबरीत सुटला. असा दिवस एखाद्या शहराच्या वाट्याला क्वचितच येतो. इंदूरच्या वाट्याला आलेला तो दिवस फुकट जागांच्या भांडणात गेला.

त्या वादात कोणाची बाजू खरी होती हे ठरविण्याची आमची इच्छा नाही. दोन्ही पक्षांकडे आपापली कारणे होती. आमचे म्हणणे एवढेच की, इतक्या दिवसांच्या त्या वादात फुकट जागांविषयी पुष्कळ बोलले गेले, पण लहान मुलांसाठी किती जागा ठेवाव्या हा प्रश्न काही चर्चेचा विषय झाला नाही. पास ही आपल्या समाजातील मोठी विचित्र चीज आहे. ज्याला तिकीट विकत घेणे सहज परवडते त्याला पास मिळतो. ज्याला परवडत नाही त्याला पास देणारा कोणी ओळखीचा नसतो. अधिकारी, पुढारी, त्यांचे सचिव, सचिवांचे मेहुणे, सर्वांची सोय लागते आणि उरलेल्या जागांवर खर्चाचा बोजा बसतो. म्हणजे आमच्या गृहस्थाने भरलेल्या पैशांत कोणा श्रीमंताची फुकट खुर्चीही मोजलेली असते. फुकट जागा असू नयेतच असे आम्ही म्हणत नाही. पाहुण्यांचा मान राखला पाहिजे. जुन्या खेळाडूंना तर मानाने बोलावले पाहिजे. फक्त पासांची यादी करण्यापूर्वी मुलांच्या जागा बाजूला काढल्या जाव्यात. पंगतीत मुलांना आधी वाढण्याची आपली रीत आहे. मैदानावर ती का नसावी?

आणि हे अशक्य आहे असे म्हणावयाला आता जागा उरलेली नाही. २०२५ साली महिलांच्या विश्वचषकाचे पाच सामने इंदुरात झाले. त्या स्पर्धेतील साखळी सामन्यांची तिकिटे १०० रुपयांपासून होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या कोणत्याही जागतिक स्पर्धेत इतके स्वस्त तिकीट पूर्वी नव्हते. १९ ऑक्टोबर रोजी भारत आणि इंग्लंड यांचा सामना होळकर स्टेडियमवर झाला. इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करताना स्मृती मानधनाने ८८ धावा केल्या, विजय अगदी हाताशी आला आणि अवघ्या ४ धावांनी निसटला. पुढे आपल्या मुलींनी तो विश्वचषक जिंकला, त्यामुळे या पराभवाची आठवणही आता गोड झाली आहे. आमच्या गृहस्थाचा कागद या दराने पुन्हा मांडून पाहावा. चौघांचे ४०० रुपये होतात. धाकटीचे नाव खोडावे लागत नाही. उलट या सामन्याला तिलाच पुढे करून न्यावे असे बापाला वाटते. तेच शहर, तेच मैदान, त्याच खुर्च्या; फरक केवळ ठरविणाऱ्यांच्या मनात होता.

येथवर क्रिकेटविषयी बोलावे लागले, कारण मोठ्या सामन्यांचा इंदूरचा अनुभव बहुतांशी क्रिकेटचा आहे. आता फुटबॉलकडे वळू. या खेळाला फार साहित्य लागत नाही. एक चेंडू आणि चार दगड मांडले की दोन गोल तयार होतात. नियम मुलाला पाच मिनिटांत कळतात. नव्वद मिनिटांत खेळ आटोपतो, त्यामुळे शाळा बुडत नाही आणि स्वयंपाकाची वेळही टळत नाही. कुटुंबाने मिळून पाहण्यास याहून सोयीचा खेळ नाही. दुसऱ्या एका संस्थानी शहराचे, कोल्हापूरचे उदाहरण मराठी वाचकांना ठाऊकच आहे. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे तेथील शेंबड्या पोरालाही पाठ असतात, आणि शाहू स्टेडियमवर आजोबांच्या शेजारी नातू बसलेला दिसतो. तेथील चुरस कधीकधी हातघाईवर येते, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणूनही आम्ही हेच सुचवू की, गॅलरीत आया-बहिणी आणि मुले जितकी अधिक बसतील तितकी जिभा आणि हात आपोआप आवरले जातील.

केवळ दर उतरविले म्हणजे काम झाले असे मात्र कोणी समजू नये. गेल्या दशकातील दोन प्रसंग या बाबतीत बोलके आहेत. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात भरला. त्याच्या आधी १५ सप्टेंबर रोजी महाराष्ट्र सरकारने राज्यभर शाळाशाळांतून मुलांना मैदानात उतरविण्याचा मोठा उपक्रम केला. स्पर्धेची तिकिटे पहिल्या टप्प्यात ५० रुपयांच्याही आत मिळत होती. त्या स्पर्धेला एकूण तेरा लाख चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले. त्या वयोगटाच्या कोणत्याही विश्वचषकात तोपर्यंत एवढे प्रेक्षक आले नव्हते. भारताचा संघ तर पहिल्याच फेरीत बाहेर पडला होता. तरी लोक आले, कारण त्यांना बोलावले होते आणि आत येणे त्यांना परवडत होते.

दुसरा प्रसंग त्यानंतर वर्षभरातला. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. सुनील छेत्रीने तीन गोल केले. ते पाहावयास माणसे किती होती? २,५६९. मुंबईसारख्या नगरीत! दुसऱ्या दिवशी छेत्रीने लोकांना हात जोडून विनंती केली की, आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटे खपली. तो त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. कप्तानाला अशी विनवणी करावी लागली, हे कोणाही आयोजकाला भूषणावह नाही. त्या दोन सामन्यांमध्ये संघ तोच होता, मैदानही तेच. मधल्या काळात कोणीतरी लोकांना ‘या’ म्हटले, एवढाच फरक. स्वस्त तिकीट हे आमंत्रणाचा अर्धा भाग झाले. उरलेला अर्धा भाग म्हणजे दारात उभे राहून केलेले स्वागत.

आयोजकांची अडचण आम्ही जाणतो. मैदानाचे भाडे, दिवे, पोलीस बंदोबस्त, पंचांचे मानधन, खेळाडूंचा प्रवास, हे सर्व तिकिटांतूनच उभे करावयाचे तर स्वस्ताई कशी परवडावी, असे ते विचारतील. याला आमचे उत्तर व्यवहाराचेच आहे. रिकामी खुर्ची एक पैसाही मिळवून देत नाही. तिच्यावर १०० रुपयांत मूल बसले तर १०० रुपये मिळतात, आणि मूल एकटे येत नाही. त्याच्याबरोबर पुऱ्या तिकिटाची दोन माणसे येतात. सरकारनेही एक रेघ आखून ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही. त्यावरच्या तिकिटावर १८ टक्के आहे. आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटांवर तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के कर आहे. तेव्हा फुटबॉलच्या आयोजकाने या रेघेच्या आत राहिल्यास घेणाऱ्याने दिलेला रुपया पुरा त्याच्याच पेटीत पडतो. या सवलतीत एक उणीव मात्र आहे. कायदा डोकी मोजतो, घर मोजत नाही. घर मोजण्याचे काम आयोजकांनी स्वतःहून केले पाहिजे.

परदेशांतही हा प्रश्न सुटलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. नाही तर तिकडे सर्व आलबेल आहे असा समज व्हावयाचा. इंग्लंडात १९८९ सालच्या हिल्सबरोच्या भयंकर दुर्घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० साली अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याच्या जागा असाव्यात असे सुचविले. खुर्च्या आल्या तरी गरीब प्रेक्षकाच्या खिशाला परवडतील असे दर ठेवता यावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. खुर्च्या आल्या, सुरक्षितता आली, आणि दर मात्र गगनाला भिडले. अखेर ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ हजारो प्रेक्षक सामन्याच्या ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. मालकांनी चारपाच दिवसांत निर्णय मागे घेतला. त्याच वर्षापासून तेथील प्रीमिअर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकिटावर ३० पौंडांची मर्यादा आली. जर्मनीत मैदानांच्या एका भागात उभे राहून पाहण्याच्या स्वस्त जागा अजून जपल्या आहेत. आणि २०२६ च्या विश्वचषकासाठी मागणीप्रमाणे चढत जाणारे दर लावण्यात आले, तेव्हा जगभर ओरड झाली व डिसेंबर २०२५ मध्ये फिफाला प्रत्येक सामन्यात ६० डॉलरची काही तिकिटे जाहीर करावी लागली. या सर्वांतून एक गोष्ट दिसते. दर एकदा चढले की ते उतरविण्यासाठी भांडावे लागते. जेथे अजून चढलेले नाहीत तेथे नियम आधी करून ठेवणे शहाणपणाचे.

इंदुरात फुटबॉलची स्थिती अशीच आहे. क्रिकेटइतकी गर्दी त्याला नाही, मोठा पैसाही नाही. म्हणूनच नियम करण्यास हीच वेळ योग्य आहे. आणि प्रेक्षक घडवावा कसा हे इंदूरच्या मराठी माणसाला बाहेरून शिकावयास नको. १९५९ साली सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’च्या द्वारे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणली आणि मुलांसाठी म्हणून स्वतंत्र रंगभूमी उभी केली. मुलांचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकातली उरलीसुरली जागा, अशी त्यांची दृष्टी नव्हती. बालनाट्याला बसलेली ती मुले पुढे मोठ्यांच्या नाटकांचे प्रेक्षक झाली. आपल्या शहरात सानंद न्यासाने नाट्यप्रयोगांसाठी वार्षिक सभासदत्वाची पद्धत अशी रुजविली की, एकाच नाटकाचे प्रयोग सभासदांच्या निरनिराळ्या गटांसाठी लागोपाठ करावे लागतात. वर्षाचे पैसे एकदा भरले की प्रत्येक वेळी रात्रीचा हिशेब करावा लागत नाही. नाटक हा घरचा नेम होऊन बसतो. नाटकाला जे साधले ते फुटबॉलला का साधू नये?

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. त्या साध्या आहेत आणि पहिल्याच स्पर्धेपासून अमलात आणता येतील.

पहिली सूचना अर्ध्या तिकिटाची. बारा वर्षांखालील मुलाला अर्धा आकार असावा, पाच वर्षांखालील मुलाला मुळीच नसावा. रेल्वेला जे वय समजते ते मैदानालाही समजावे. त्याबरोबर ‘घरचे तिकीट’ असावे. दोन मोठी माणसे आणि दोन मुले यांचे एकत्र, आणि वर्षभराचे घेतल्यास आणखी स्वस्त.

दुसरी सूचना जागेची. मुलांसह येणाऱ्यांसाठी गॅलरीचा एक चांगला भाग राखावा. चांगला म्हणजे जेथून दोन्ही गोल दिसतात असा; खांबाआडचा किंवा उन्हातला उरलेला कोपरा नव्हे. तो भाग पासांची यादी होण्यापूर्वी राखून ठेवावा आणि किती जागा राखल्या ते वर्तमानपत्रांतून जाहीर करावे. जाहीर झालेली गोष्ट मोडणे कठीण जाते.

तिसरी सूचना खिडकीची. भ्रमणध्वनीवर तिकिटे काही क्षणांत संपतात आणि मग ती दामदुपटीने बाहेर फिरू लागतात, हा अनुभव सर्वांचा आहे. घरच्या तिकिटांचा काही हिस्सा तिकीट-खिडकीवर आणि शाळांमार्फत विकावा. पोलोग्राउंड, सांवेर रोड अशा वसाहतींतील कारखान्यांनाही सामन्याचे तिकीट कामगारांपर्यंत पोहोचविता येईल. दिवाळीच्या मिठाईच्या पेटीइतकाच त्याला खर्च येतो आणि त्याची गोडी अधिक काळ टिकते.

चौथी सूचना सोयींची. तिकीट स्वस्त आणि पाणी महाग, हा व्यवहार फसवा होय. पिण्याचे पाणी फुकट मिळावे, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे पुरेशी आणि खरोखर स्वच्छ असावीत. सतत पहिल्या क्रमांकाचे स्वच्छ शहर म्हणून नावाजलेल्या इंदूरला हे सांगावे लागू नये. सामना अशा वेळी संपावा की, मुलांना घेऊन सिटी बसने घरी जाता येईल.

शेवटची सूचना महानगरपालिका आणि शासन यांना. मैदान सार्वजनिक असेल तर ते भाड्याने देताना अर्ध्या तिकिटाची अट करारातच घालावी. नेहरू स्टेडियम असो, चिमणबागेचे मैदान असो, ते नागरिकांचे आहे. आणि नागरिकांत मुलेही येतात. भाड्यात थोडी सूट देऊन ही अट पाळून घेतली तरी नगरपालिका तोट्यात जाणार नाही. ज्या गावाची मुले संध्याकाळी मैदानावर असतात त्या गावाला इतर बाबतीत खर्च कमी येतो.

यांत काही चुकले असेल तर जाणत्यांनी दाखवून द्यावे. आयोजकांनी आपले आकडे मांडावेत, आम्ही ते आनंदाने छापू. परंतु ‘पाहू’ म्हणून कागदाची घडी खिशात ठेवण्याचे काम त्यांनी करू नये. ते काम आमच्या गृहस्थाने पुष्कळ वेळा केले आहे.

पोलोग्राउंडचे मैदान गेले, कारण त्या खेळाला घोडेवाल्यांखेरीज कोणी नव्हते. संस्थानाबरोबर घोडे गेले आणि खेळही गेला. नाव तेवढे पाटीवर उरले. प्रेक्षकच ज्याला उरला नाही असा दुसरा खेळ या शहरात होऊ नये असे वाटत असेल, तर त्या दहा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला आत घ्या. थोरल्याला एक, धाकटीला एक, दोन अर्धी तिकिटे. त्यांचे मिळून होते एकच, पण खेळाला त्यातून दोन जन्माचे प्रेक्षक मिळतात.